दुसरा ब्रेक

मास्तरांच्या घरात सगळ्यात जास्त राबणारा कोणी असेल, तर तो मास्तरांचा उजवा पाय. पाय सोडून उरलेले मास्तर सोफ्यावर लोळत असले तरी पाय ड्युटीवर असे. टीव्हीवर एखाद्या बाईच्या हातून कपबशी निसटली की पाय खाडकन जमिनीवर दाबला जाई. कपबशी फुटायची ती फुटेच. लिफ्ट खाली येऊ लागली की पाय दाबला जाई. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की पाय दाबला जाई आणि मास्तर खुर्चीत मागे सरकत, त्यामुळे त्यांचा डावा कल्ला उजव्या कल्ल्याला कधी ओळख देत नसे. बायकोच्या बोलण्याने वेग घेतला तरी पाय दाबला जाई. त्याचा उपयोग तर कपबशीइतकासुद्धा होत नसे.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो शिकवणाऱ्यासाठी. स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, नुसता ब्रेक. म्हणजे गाडी कुठे जाईल हे ठरवायचा अधिकार नाही, पण ती तिकडे जाऊ नये म्हणून धडपडायची पूर्ण मुभा. बहुतेक माणसांची संसारात हीच अवस्था असते, फक्त त्यांना त्याचा पगार मिळत नाही.

मास्तर या पायाकडे कौतुकाने बघत. "या गावातली निम्मी माणसं माझ्या या पायामुळे जिवंत आहेत," असं ते जेवताना सांगत.

"उरलेल्या निम्म्यांनी काय घोडं मारलंय?" बायको विचारे.

पोटरी दगडासारखी झाली तेव्हा मास्तर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पोटरी दाबली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ताण आहे. ताण घेऊ नका." जसं काही मास्तर जेवायला बसले होते, कोणीतरी ताण वाढत होतं आणि मास्तर हावऱ्यासारखे 'अजून थोडा' म्हणत होते. पण डॉक्टर एकटे नव्हते. ताण घेऊ नका, हे मास्तरांना इमारतीच्या वॉचमनने सांगितलं, औषधवाल्याने सांगितलं, आणि एकदा चुकून लागलेल्या फोनवरच्या अनोळखी बाईनेही सांगितलं. घेऊ नका म्हणणारे रांगेने उभे होते. द्या इकडे, मी धरतो जरा, असं म्हणणारा एक मायेचा पूत निघाला नाही.

आणि हाच सल्ला विकून खाणारा एक इसम मास्तरांच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होता. तो त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला राजा म्हणत. दुसरं घर मिळेपर्यंत म्हणून तो आला होता आणि इतक्या वर्षांत ते शोधण्याची घाई त्याने स्वतःला एकदाही होऊ दिली नव्हती.

राजा ताणमुक्तीचे वर्ग घेई. त्याचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपल्याला भूल दिलीय आणि आता कुठला अवयव जाणार एवढंच कळायचं बाकी आहे, असं वाटावं. त्याची शिकवण मात्र सुटसुटीत होती. जे येतंय ते येऊ द्या. जे जातंय ते जाऊ द्या. अडवू नका. ऑफिसातली माणसं डोळे मिटून हे ऐकत, तासाभराने डोळे उघडत, आणि जे आलं होतं ते टेबलावर तसंच पडलेलं असे, वर तासाभराचं नवीन.

"भावोजी, तुम्ही आयुष्याला ब्रेक लावून बसलाय," तो जेवता जेवता म्हणे. "सोडा."

"मी सोडला तर माणूस चिरडेल रस्त्यावर."

"हा तुमचा अहंकार आहे."

"राजा, ताट उचल," बायको म्हणे.

राजा प्रसन्न हसे. ताट जागच्या जागी राही. मग ताईच ते उचले. राजाचं म्हणणं होतं की जगात सगळ्या गोष्टी आपोआप होतात, आपण फक्त मध्ये तडमडायचं नसतं. त्याची ताटं उचलली जात, त्याचे कपडे धुतले जात, त्याच्या खोलीतला दिवा बंद होई, आणि हे सगळं विश्वच करतं अशी त्याची खात्री होती. विश्वाला त्या वेळी मणक्याचा पट्टा लावलेला असे आणि ते स्वयंपाकघरातून ओरडत असे. पण राजाचे डोळे मिटलेले असत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मास्तरांचे विद्यार्थी नापास व्हायला लागले.

एक झाला, दोन झाले. नशीब म्हणून सोडून दिलं. मग लागोपाठ सगळेच. मास्तरांना कळेना. शिकवताना तर हीच माणसं लोण्यासारखी गाडी चालवत होती. शेवटी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची परीक्षा होती, तेव्हा मास्तर स्वतः परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभे राहिले.

बाईंनी गाडी काय सुंदर काढली! खांबांच्या मधून नागमोडी गेल्या, एकाही खांबाला धक्का नाही. उलट्या आल्या, एकदम रेषेत. शेजारी बसलेले परीक्षक साहेबसुद्धा सैल होऊन बसले. मग आली थांबायची पांढरी पट्टी. बाई पट्टीकडे निघाल्या. पट्टीवर आल्या. पट्टी ओलांडून पुढे गेल्या. चेहऱ्यावर तीच शांती. पुढे रंगवलेलं पिंप होतं, त्यालाही त्यांनी त्याच शांतीने आडवं केलं, आणि परीक्षेच्या साध्या, एकाच ब्रेकच्या गाडीत साहेबांनी हँडब्रेक खेचला नसता तर त्या कुंपण आणि मास्तर दोघांनाही घेऊन घरी गेल्या असत्या.

"बाई, थांबवली का नाहीत?" मास्तर धावत जाऊन ओरडले.

बाई गोंधळून गेल्या. "सर, ती आपोआप थांबते ना?"

"आपोआप?"

"इतके दिवस थांबत होती की. पट्टी आली, सिग्नल आला, म्हैस आली, की थांबायची. मी म्हटलं, नवीन गाड्यांमध्ये सोय असेल."

साहेब खाली उतरून पिंपाखालून आपली उडालेली टोपी काढत होते. ते मास्तरांना म्हणाले, "एक सांगू का? तुमची माणसं गाडी उत्तम चालवतात. फक्त थांबवत नाहीत. मला आधी वाटलं, पंथ आहे की काय."

मास्तरांनी खाली आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. पाय तेव्हाही दाबलेलाच होता.

मोटार स्कूलच्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मालकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मला प्रॉब्लेम नको. मला सोल्यूशनपण नको. मला रिझल्ट हवा." भिंतीवर एक नवाकोरा फ्लेक्स होता. त्यावर मालकांचा हसरा फोटो आणि शेजारी, हात छातीशी जोडलेल्या राजाचा.

"हा आमचा मेहुणा," मास्तर म्हणाले.

"आता तो आमचा ब्रँड आहे," मालक म्हणाले. "ताण न घेता गाडी शिका. तो आपल्या स्टाफचा वर्ग घेणार, आपण त्याला गाडी शिकवणार. हिशेब चुकता. पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा. तो पास झाला पाहिजे."

"त्याला मी शिकवू?"

"तुमच्याच घरात राहतो. पेट्रोल वाचेल. आणि तो नापास झाला ना मास्तर, तर तुम्ही गाडीत नाही. काउंटरवर."

काउंटर म्हणजे काय हे मास्तरांना ठाऊक होतं. काउंटरवर आधी शिकवणाराच एक माणूस बसला होता. दिवसभर फोन वाजे आणि लोक विचारत, गाडीत एसी आहे का. तो म्हणे, आहे. गेल्या महिन्यात त्याला कोणीतरी नाव विचारलं तेव्हाही तो म्हणाला, आहे.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून राजाची शिकवणी सुरू झाली.

राजा गाडी तशीच चालवी जसा तो जगत असे. डोळे अर्धे मिटलेले, हात स्टिअरिंगवर मांजरीवर ठेवावेत तसे. समोर ट्रक आला, मास्तरांनी पाय दाबला, गाडी थांबली. शाळेतली पोरं रस्त्यात आली, मास्तरांनी पाय दाबला, गाडी थांबली. राजा एका लाल सिग्नलकडे हसत हसत निघाला होता तेव्हा मास्तरांनी निश्चय केला की आता पाय दाबायचा नाही. दात आवळले. देवाचं नाव घेतलं. पायाने देवाकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

"बघितलंत?" राजा म्हणाला. "माझ्या हातात गाडी किती समजूतदार होते."

"राजा, ती मी थांबवतोय."

"तुम्हाला तसं वाटतं, भावोजी. त्यालाच ताण म्हणतात."

मास्तरांनी सगळं करून बघितलं. पायातली चप्पल काढली. पायाने अनवाणी ब्रेक दाबला. पाय दुमडून मांडीखाली घेतला. तो एक पिशवी घेऊन जाणारी म्हातारी दिसताच स्प्रिंगसारखा सुटला आणि वाटेत ग्लोव्ह बॉक्सचं झाकण तोडून ब्रेकवर पोचला. पाय सीटला पट्ट्याने बांधला, तर मास्तर सीटसकट पुढे सरकले. परीक्षा जवळ येत चालली आणि राजा अजून ब्रेकला पाहुण्यांसारखं वागवत होता. आहे तिथे असू दे, आपण कशाला त्रास द्यायचा.

संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. बायको भांडी पुसत होती.

"मी काउंटरवर जाणार," ते म्हणाले.

"का? राजा काय म्हणतो?"

"राजा म्हणतो, जे होतंय ते होऊ द्या."

"तो काय, म्हणणारच. त्याचं होतंच आहे." तिने मागच्या खोलीकडे मान उडवली. "अहो, त्या माणसाने जन्मात काही थांबवलंय का? नळ चालू ठेवतो, मी बंद करते. दूध उतू जाताना बघत उभा राहतो. परवा म्हणाला, ताई, दूध किती मुक्त आहे."

"पण माझा पायच ऐकत नाही, त्याला काय करू?"

"पायाला कशाला सांगताय? वीस वर्षं त्याने माझं ऐकलं नाही, तुमचं कशाला ऐकेल. त्या ब्रेकला सांगा ना."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"काय बघताय? पाय दाबू दे की हवा तेवढा. खाली काही नसलं म्हणजे झालं."

राजाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर गाडीत डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत शिरले. दोन्ही ब्रेक एका सळईने जोडलेले असतात. त्या सळईची पिन त्यांनी काढली आणि खिशात टाकली. आता शेजारचा ब्रेक पायाखाली लुळ्या जिभेसारखा हलत होता. दाबला तरी गाडीला पत्ता लागत नव्हता. शिकणाऱ्याचा ब्रेक मात्र ठणठणीत होता. तो कोणी कधी वापरलाच नव्हता.

मास्तर काही अगदीच वेडे नव्हते. रस्त्यावर जायचं नाही, स्कूलमागच्या फरसबंद मैदानातच फिरायचं, आणि दोघांच्या मध्ये हँडब्रेक होताच. फक्त एक अडचण होती. मैदानाच्या एका टोकाला ताडपत्री बांधून राजाचाच वर्ग भरलेला होता. सगळे शिकवणारे, काउंटरवाला आणि पहिल्या रांगेत स्वतः मालक, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गाडी मोकळी मिळाली ती त्यामुळेच. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

"पण तू वर्ग सोडून येणार कसा?" मास्तरांनी विचारलं.

"आवाज रेकॉर्ड करून आणलाय," राजा म्हणाला. "मी नसलो तरी त्यांना चालतं. खरं म्हणजे मी नसल्यावर जास्त लागू पडतं." त्याने स्पीकर लावला, सगळ्यांना सांगितलं की काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत, आणि येऊन गाडीत बसला.

मास्तरांचा बेत असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या रिकाम्या पिंपाकडे गाडी न्यायची. पिंपाला लागली तर लागली. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, म्हणजे ते हँडब्रेककडे उगाच धावणार नाहीत, आणि म्हणाले, "चल."

गाडी निघाली. माणूस दुडकत पळावा इतपत वेगाने. पिंपाच्या दिशेने थोडी गेली, आणि राजाने स्टिअरिंग फिरवलं.

"तिकडे कुठे?"

"जरा बघून येऊ, सगळे नीट बसलेत का."

गाडी ताडपत्रीकडे तोंड करून निघाली. स्पीकरवरून राजाचाच आवाज यायला लागला. "समोरून काहीतरी येतंय... येऊ द्या... त्याला अडवू नका..."

"छान बसलेत," राजा म्हणाला. "भावोजी, आता थांबवा."

मास्तरांचा पाय केव्हाच दाबला गेला होता. दाबून वर आला होता, पुन्हा दाबला गेला होता. खाली नुसती फडफड.

"तू थांबव," मास्तर म्हणाले.

"गंमत नको. मालक आहेत पुढे."

"माझा ब्रेक मी काढलाय."

"काढलाय म्हणजे?"

"पिन काढली. खिशात आहे."

"का?"

"तो माझा अहंकार होता," मास्तर म्हणाले.

राजाचे डोळे पूर्ण उघडले. मास्तरांनी त्याला ओळखल्यापासून पहिल्यांदाच त्याची बुबुळं कुठल्या रंगाची आहेत ते त्यांना दिसलं. घारी होती.

"ते तुमच्याकडे येतंय..." स्पीकर म्हणाला. "त्याचं स्वागत करा... दोन्ही हात पसरा..." मालकांनी डोळे मिटूनच दोन्ही हात पसरले. मागच्या सगळ्या रांगांनी पसरले. काउंटरवाल्याने तर मान मागे टाकून गळा उघडा केला.

मास्तरांनी मनाशी एक हद्द ठरवली होती. ताडपत्रीच्या पुढच्या बांबूपर्यंत गाडी आली की हँडब्रेक ओढायचा आणि उद्यापासून लोकांना सांगत बसायचं, एसी आहे. बांबू जवळ येत होता. हात मांड्यांखाली घामाने भिजले होते.

"भावोजी! ताई! अहो थांबवा कोणीतरी!" राजा किंचाळला. त्याने एका झटक्यात गाडीतलं मिळेल ते वापरलं. वायपर सुरू झाले. पाण्याचा फवारा उडाला. डावा इंडिकेटर, मग उजवा, मग दोन्ही. रेडिओवर कोणीतरी बाजारभाव सांगू लागलं. मग त्याच्या पायाला, अगदी नाइलाज झाल्यावर, मधलं पेडल सापडलं आणि त्यावर तो अख्खा उभा राहिला.

गाडी आचका देऊन बंद पडली. बंपर आणि मालकांचे गुडघे यांच्यात हात शिरेल एवढी जागा होती. एका बाजूचा बांबू काचेला टेकला होता. मास्तरांनी हळूच एक हात मांडीखालून काढला आणि हँडब्रेक लावला.

कोणीही डोळे उघडले नाहीत.

"मला ऊब जाणवतेय," मालक पुटपुटले. तापलेलं इंजिन त्यांच्या गुडघ्यांशी निवत होतं.

रेकॉर्डिंग संपलं, डोळे उघडले, आणि पुढ्यात गाडी. वायपर चालू, आत राजा स्टिअरिंगला मिठी मारून रडतोय. मालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. असा शेवट त्यांनी कुठल्याच वर्गात बघितला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका शिकवणाऱ्याने सांगितलं की त्याला स्वतःच्या आत एक मोठी पांढरी वस्तू येताना दिसली होती. गाडी पांढरीच होती.

घरी आल्यावर राजा थांबेना.

"ताई, गॅस बंद केलास?"

"केला."

"नक्की? बघून ये. नाही, मीच बघतो. आणि ही खिडकी उघडी का? कोणी पडेल ना!"

"आपण तळमजल्यावर राहतो, राजा."

जेवणानंतर त्याने स्वतःचं ताट उचललं. ताईचंही उचललं, ती अजून जेवत असताना. मग सिंकसमोर उभा राहून नळाकडे एकटक बघू लागला, कारण नळाची धार कधीही सुरू होऊ शकते हे त्याच्या आता लक्षात आलं होतं. जगातल्या सगळ्या चालत्या वस्तू कोणीतरी थांबवायच्या असतात आणि तो कोणीतरी कदाचित आपणच असू, हा शोध त्याला पहिल्यांदाच लागला होता, आणि मास्तरांच्या मते तो त्याला जरा जास्तच झोंबला होता.

"मी उद्या परीक्षेला जाणार नाही," तो म्हणाला. "मी गाडीत पाऊल टाकणार नाही."

मास्तर उठून उभे राहिले. "राजा, माझी सीट जाईल रे."

"जाऊ द्या," राजा म्हणाला, पण आता त्याचा आवाज किनरा येत होता. "कोणी मेलं तर? माझ्या हातून?"

"ही भीतीच तर तुला यायला हवी होती ना," मास्तर म्हणाले, "आणि आली, तर आता परीक्षाच देत नाहीस?"

राजाने मान हलवली. त्याने डोळे मिटून श्वास घ्यायचा प्रयत्न केला, पण डोळे मिटले की समोर मालकांचे गुडघे यायचे. तो घाबरून पुन्हा डोळे उघडायचा.

बायकोने पदराला हात पुसले. "राजा, इकडे बघ. उद्या परीक्षेला गेला नाहीस, तर परवा घर शोधायला लागायचं. भाड्याचं. त्याला नळ असतात, गॅस असतो, खिडक्या असतात. सगळं तुझं तू बंद करायचं."

राजाने त्या घराचा विचार केला. चेहरा पांढरा पडला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभा होता. एका ताणाने दुसऱ्याला घराबाहेर काढलं होतं. ही रीत कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत, कारण तिला खुर्च्या लागत नाहीत.

परीक्षेच्या मैदानावर मास्तर पुन्हा कुंपणाशी उभे राहिले. साहेबांनी गाडीत बसण्यापूर्वी टोपी काढून ऑफिसातच ठेवली. गाडी सुटली आणि थांबली. सुटली आणि थांबली. खांब आला, थांबली. पान पडलं, थांबली. ढगाची सावली आली, थांबली. साहेब खोकले तेव्हा तर इतकी जोरात थांबली की साहेबांचा खोकला अर्ध्यावर राहिला. पांढऱ्या पट्टीपाशी राजा पट्टीच्या कितीतरी अलीकडे थांबला, मग थोडा पुढे येऊन थांबला, मग पट्टीला विचारूनच जणू तिच्यावर थांबला, आणि मग निघेचना.

साहेब मान धरून उतरले.

"हा तुमचाच?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी कबूल करावं की करू नये असा विचार केला आणि मान हलवली.

"माझी मान गेली. पण पास. याच्या गाडीखाली कोणी मरणार नाही. वाट बघून बघून मागचे मेले, तर ते माझं खातं नाही."

मास्तरांना वाटलं होतं, आता मालक पाठ थोपटतील. मालकांनी पाठ थोपटली, पण राजाची. मग त्यांनी सगळ्या स्टाफला सांगितलं की हा वर्गाचा रिझल्ट आहे, आणि आता दर महिन्याला वर्ग. राजा म्हणाला, "वर्ग घेईन, पण खुर्च्या जमिनीला ठोकून घ्या. आणि डोळे मिटायचे नाहीत. कोणीही मिटायचे नाहीत!" मालक म्हणाले, वा, हा पुढचा टप्पा दिसतोय.

"आणि मास्तर, तुम्ही गाडीतच," ते जाता जाता म्हणाले. "नशीब तुमचं."

मास्तरांनी पिन पुन्हा सळईत बसवली. तसा नियम होता, आणि पुढची शिकाऊ भर रस्त्यावर यायची होती. ती वाचनालयातली ग्रंथपाल होती, बारीक आवाजाची, गाडीत शिरताना दरवाजाचीसुद्धा माफी मागणारी. मास्तरांनी तिला तिचा ब्रेक दाखवला, तो दाबून घेतला, पुन्हा दाबून घेतला. मग स्वतःचा उजवा पाय सीटखाली सरकवला आणि त्यावर डावा पाय ठेवला.

रस्ता रिकामाच होता. दूर एक सिग्नल लाल झाला.

"सर, सिग्नल."

"दिसतोय."

"सर, ती थांबत नाहीये."

"नाही ना," मास्तर म्हणाले आणि बाजूच्या दुकानातल्या पंख्यांकडे बघू लागले. खाली दोन्ही पायांची चांगलीच जुंपली होती. डावा जेमतेम पुरा पडत होता.

"सर, अहो, तुम्ही करा ना काहीतरी!"

मास्तरांनी पंखे मोजायला घेतले. बाईंनी डोळे विस्फारले, तोंडातून वाचनालयात कधी उच्चारला गेला नसेल असा शब्द काढला आणि ब्रेक दाबला. गाडी पट्टीवर पुढची चाकं टेकवून थांबली. मास्तरांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं.

"तुम्हाला काही वाटतं की नाही?" बाई लालबुंद झाल्या होत्या. "मी किती घाबरले! तुम्ही नुसते बसून होता! कसले मास्तर तुम्ही? दगड आहात दगड!"

मास्तरांनी कपाळ चोळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी त्यांच्यापेक्षा घाबरलेलं माणूस बसलं होतं, आणि ते किती बरं वाटतं याची त्यांना लाजही वाटेना.

"हिरवा झाला," ते म्हणाले. "चला. पुढचाही तुमचाच."